मारुती नावाच्या नवऱ्याबरोबर सायकलने नांदूरला

आमच्याकडे चारचाकी आहे, चांगली चालतेही. तरी साठीला टेकलेले आम्ही दोघं नगरहून नांदूरला सायकलने गेलो. कारण सांगितलं की लोक हसतात. त्या गावात आमची गाडी चालत नाही. गाडीच्या पाठीवर जे नाव आहे तेच आमच्या यजमानांचं, आणि तिथे दोघांनाही बंदी.

पाथर्डी तालुक्यात, बीडच्या हद्दीकडे हे नांदूर आहे. ग्रामदैवत निंबादैत्य. गावकरी सांगतात की दैत्य असला तरी तो रामाचा भक्त होता. मारुतीशी त्याचं वाजलं, तेव्हा रामानेच त्याला शब्द दिला की या गावात पूजा तुझीच होईल. म्हणून गावात मारुतीचं देऊळ नाही, पोराचं नाव कुणी मारुती ठेवत नाही, त्या नावाची गाडी घेत नाही. त्या नावाचा पाहुणा आलाच तर शिवेवर त्याला दुसरं नाव मिळतं, आणि गाव सोडेपर्यंत तेच चालतं.

हे सगळं आम्हाला पोपटरावांमुळे ठाऊक. पोपटराव नांदूरचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ते आणि मारुती बावीस वर्षं एकाच खड्ड्यात गाडीखाली उभे राहून काम करायचे. नगरात त्यांना काही बंधन नव्हतं, त्यामुळे दिवसभर "मारत्या, पाना दे" चालायचं. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं, ते नांदूरला. पत्रिका आली. वर शाईने लिहिलेलं, "श्री. लक्ष्मणराव". मारुतींचं डोकं फिरलं. "आईनं नवस बोलून ठेवलेलं नाव आहे माझं. चपलेसारखं यांच्या शिवेवर काढून ठेवू?" आणि लग्नाला गेले नाहीत. मीही गेले नाही, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर वर्कशॉपमध्ये दोघं कामापुरतं बोलायचे. नंतर पोपटराव बदली घेऊन पाथर्डीला गेले, निवृत्त झाले, गावी राहिले. विषय संपला, असं मारुती म्हणायचे. पत्रिका मात्र त्यांनी कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली जपून ठेवली होती, हे मी कपडे ठेवताना दर आठवड्याला बघत होते.

मागच्या वर्षी मारुती निवृत्त झाले. मुलांच्या जुन्या गिअरच्या सायकली अंगणात गंजत होत्या, त्या उघडून, धुऊन, तेल देऊन त्यांनी नव्यासारख्या केल्या. संक्रांत झाल्यावर एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "नांदूरला जाऊन येऊ." मी कप खाली ठेवला. फोन करायला ते तयार नव्हते, म्हणून मीच पोपटरावांच्या बायकोला, कुसुमबाईंना, फोन केला.

"या की वहिनी," त्या म्हणाल्या. "पन आमच्या मालकाचं तोंड आजून फुगल्यालं हाय बरं का. सांगून ठिवते."

तर तयारी. मागे दोन पिशव्या, पंक्चरचं सामान, पान्यांचा संच, केळी, माणशी दोन बाटल्या पाणी. मुक्काम दोन. सकाळी सहाला निघालो तेव्हा हात गारठून घंटीसुद्धा वाजत नव्हती. एक सूचना लिहून ठेवा. थंडीत पाथर्डीकडे जाताना आम्हाला वारा सगळा वेळ समोरून लागला. पहिल्या तासात जोर केलात तर दुपारी रस्त्याच्या कडेला बसाल.

पहिला थांबा चांदबिबी महाल. हमरस्ता सोडून डोंगर चढायचा. मारुती चढले, मी सायकल हातात धरून चालत गेले आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला "पंक्चर आहे" असं सांगितलं. वर आठ कोनांची दगडी इमारत एकटीच उभी आहे आणि तिच्या कमानीतून खाली नगरचा पसारा दिसतो. तिथे एक शेळ्या राखणारे आजोबा होते. मी त्यांना विचारलं, चांदबिबी इथे कुठे राहायची?

"ती न्हाई राहिली हितं. महाल बी न्हाई ह्यो. निजामशाहीतल्या वजिराची कबर हाय आत."

"मग नाव तिचं का?"

"लोकान्ला तिचं आवडलं." आजोबांनी शेळीला दगड दाखवला. "वजिराची काय तक्रार आली न्हाई आजून."

मी हसले. मारुती हसले नाहीत, कमानीत उभे राहून बराच वेळ पूर्वेकडे बघत राहिले. आपण एवढा खटाटोप करून जातोय खरे, पण तिथे दारातूनच माघारी यावं लागलं तर, ही भीती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती. मलाही तीच होती.

पुढे करंजी घाट जाताना उताराचा आहे, म्हणून खूश होऊ नका. उसाच्या आणि कांद्याच्या गाड्या मागून येतात, ब्रेक आधी तपासा. मारुतींच्या सायकलचा मागचा ब्रेक करकरायला लागला तो इथेच. खाली करंजीत गरम भजी आणि चहा, दोघांचे मिळून शंभरच्या आत. तिसगावात जुन्या दगडी वेशी आहेत. एके काळी इथे मोठी पेठ होती म्हणतात. आता वेशीच्या सावलीत मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. मी कमानीखाली उभी राहून वरचे दगड बघत होते. तो म्हणाला, "मावशी, फोटो काढायचा तर पलीकडून काढा. हिकडून माझी पाटी येते." पाटीसकटच काढला.

मुक्काम मढीला. कानिफनाथांचं ठाणं टेकडीवर आहे आणि खालून देऊळ कमी, किल्लाच जास्त वाटतो. उंच दरवाजा, जाड तट, खाली दाटीने गाव. जत्रा नव्हती, त्यामुळे साधी खोली सहज मिळाली, सकाळी बादलीभर कढत पाणीही. पायऱ्यांवरच्या दुकानातून मारुतींनी रेवड्या घेतल्या. पाव किलो घेतल्या, दहा पायऱ्या उतरले, परत वर जाऊन अर्धा किलो केल्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीत मिसळ खाऊन पूर्वेचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना हुरड्यावर आलेली ज्वारी, मधेच वेचून झालेला कापूस. रस्ता चढ-उतारांचा, पण गाड्या कमी. नांदूर जवळ आलं तशी समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवर, टेम्पोवर "निंबादैत्य कृपा" दिसायला लागलं. मारुतींनी वेग वाढवायच्या ऐवजी कमी केला.

शिवेवर एक मोठा दगड आणि लिंबाचं झाड. दगडाच्या आतल्या बाजूला हात मागे बांधून पोपटराव उभे, शेजारी कुसुमबाई. केस पांढरे झालेले, ताठपणा तोच.

"या लक्ष्मणराव," ते म्हणाले.

मारुतींचा एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. आता हे सायकल वळवणार, असं मला वाटलं. "आलो," एवढंच ते म्हणाले, आणि खाली उतरून सायकल ढकलत आत गेले. घरापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी आणि कुसुमबाई मात्र बोलायच्या थांबलो नाही.

दुपारी देऊळ बघितलं. जुनं, भक्कम दगडी काम, आत गारवा. दैत्यासमोर हात जोडताना मला जरा चमत्कारिक वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. एक बाई शेजारी उभी राहून त्याला आपल्या सुनेची तक्रार सांगत होती, आणि तो ऐकून घेत असावा.

गोंधळ माझ्या हातून झाला तो संध्याकाळी. संक्रांतीचं हळदीकुंकू चालूच होतं. कुसुमबाईंकडे दहा-बारा बायका जमल्या. मला कुंकू लावलं, वाण दिलं, आणि एकजण म्हणाली, "नगरच्या पाव्हन्या, नाव घ्या की!"

मी आयुष्यभर यांना "अहो" म्हणत आले. नाव घेतलं ते लग्नात, घास भरवताना, तेवढंच. आता लिहिताना घेते, एरवी तोंडाने अजून येत नाही. पण बायकांनी आग्रह केल्यावर उखाणा घ्यायचा असतो, हे हाडात मुरलेलं. मी हौसेने पदर सावरला, सूर लावला, "तिळगुळाच्या वाटीत हलव्याचा दाणा, मा..."

कुसुमबाईंनी अख्खा तिळाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. एका म्हातारीने डोळे पुसत विचारलं, "म्हंजे नवऱ्याचं नाव त्येच हाय? अगं बया! आन त्ये हितं ऱ्हायलं की वो घ्यायचं!" मी म्हटलं, घेईन, पण शिवेच्या पलीकडे जाऊन. बायकांनी ते तिथल्या तिथे ठरवूनच टाकलं.

त्या गेल्यावर मी कुसुमबाईंबरोबर चुलीपाशी बसले. हुलग्याची शेंगोळी रटरटत होती. मी धीर करून विचारलं, "पत्रिकेवर लक्ष्मणरावच का लिहिलं हो? नाव न घालता दिली असती तरी चाललं असतं."

त्यांनी पळी बाजूला ठेवली. "आसं कसं? पत्रिका घरात बसून लिवली, देवाम्होरं. खरं नाव लिवता येईना. बिननावाची द्यायला मालक तयार न्हवते, म्हनले परक्याला देत्यात तशी. लई येळ बसले. मंग त्यांनी आमच्या धाकल्या दिराचं नाव घातलं. लक्ष्मन. इहिरीत गेलं ते, सोळाव्या वर्सी. त्या दिसापासून घरात कुनाला ते नाव दिलं न्हवतं."

"हे कधी सांगितलं का नाही?"

"म्हनले, त्याला कळंल. बावीस वर्सं संगं काढल्यात."

जेवणाला अजून अवकाश होता. मारुती ओट्यावर रेवड्यांची पिशवी घेऊन बसले होते, ती अजून त्यांनी दिलीच नव्हती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक रेवडी काढून तोंडात टाकली आणि ती विरघळेपर्यंत समोर बघत राहिले. पानं मांडली तेव्हा उठून आत गेले आणि पोपटरावांच्या पानाशेजारी पिशवी ठेवली. पत्रिका बाहेर काढली नाही. ती त्यांनी सायकलच्या पिशवीतून बरोबर आणली होती, जाब विचारायला. शेंगोळी खाताना पोपटराव म्हणाले, "लक्ष्मणराव, आनखी घ्या." मारुतींनी ताट पुढे केलं.

सकाळी निघालो तेव्हा पोचवायला पोपटराव-कुसुमबाई होतेच, कालच्या निम्म्या बायकाही खरंच शिवेपर्यंत आल्या. दोघी-तिघींच्या डोक्यावर शेतात न्यायच्या भाकरी होत्या. त्या दगडाच्या आत थांबल्या, मला मात्र पलीकडे ढकललं. म्हातारी म्हणाली, "आमी म्हननार न्हाई. ऐकायला काय होतंय?"

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"चांदबिबीचा डोंगर चढले सायकल हाती धरून,
मारुतरावांचं नाव घेते शिवेच्या पलीकडून!"

म्हातारीने कानावर हात ठेवले होते, पण बोटं उघडीच होती. मारुती लाल झाले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडून नाव ऐकत होते आणि तेही भर रस्त्यात.

मग पोपटराव दगड ओलांडून बाहेर आले. मारुतींच्या सायकलपाशी गेले, मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला, करकर ऐकली आणि उकिडवे बसले.

"ह्या ब्रेकवर घाट उतरला व्हय?" मान वर न करता त्यांनी हात मागे केला. "मारत्या, पाना दे."

मारुतींनी पिशवी उपसली. नेमका दहाचा पाना काढून त्यांनी त्या हातावर ठेवला. नंतर तेही बाजूला उकिडवे बसले. ब्रेकचं काम पाच मिनिटांचं, पण दोघांनी तासभर लावला. मी आणि कुसुमबाईंनी लिंबाखाली बसून त्या बायकांच्या शिदोरीतली भाकरी खाल्ली.

करंजी घाट चढून परत यायची माझी हिंमत नव्हती. पाथर्डीत नगरला कांदा नेणारा टेम्पो मिळाला, त्याने सायकली वर बांधल्या आणि भाडं वाजवी घेतलं. तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, उन्हाळ्यात या माळावर सावली शोधावी लागते. आणि नांदूरला गेलात तर गावाचा नेम गावात पाळा. मला आधी तो गमतीचा वाटला होता. आता वाटतं, बारा वर्षं फुकट गेली ती त्या नेमामुळे नाही, आमच्या अडेलपणामुळे गेली. त्याचं वाईट वाटतं आणि ते वाटत राहणार. पत्रिका अजून कपाटातच आहे, फक्त इस्त्रीच्या कपड्यांच्या खाली नाही, वर.

परवा दुपारी घरचा फोन वाजला. मीच उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या, म्हणजे पोपटराव घरूनच बोलत होते.

"वहिनी, लक्ष्मन हाय का?"

मी फोन पुढे केला. मारुतींनी हात पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "बोल, लक्ष्मण बोलतोय."