सलीमची वायरिंग

उत्तर सिक्कीममधल्या आमच्या लष्करी वर्कशॉपच्या छोट्या तुकडीत दोन व्हेइकल इलेक्ट्रिशियन होते. एक मी, हवालदार, मूळचा सोयगावचा. दुसरा नायक सलीम, शहागंजचा. जिल्हा एक, ट्रेड एक, त्यामुळे तंबूही एकच. बाकीची पोरं आम्हाला प्लस-मायनस म्हणायची, आणि भांडणं बघता ते काही खोटं नव्हतं.

काम ठरलेलं होतं. सकाळी पीटी, चहा, मग गाड्या. थंडीनं बॅटऱ्या बसायच्या, सेल्फ स्टार्टर अडकायचे. गाडी आली की मी आधी फ्यूज उपसायचो. सलीम मात्र ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायचा. "बंद कधी पडते? खड्ड्यात, का चढाला?" उत्तर मिळेपर्यंत तो पाना उचलायचा नाही. त्याच्या या सावकाशपणाचा मला वैताग यायचा. फॉल्ट मात्र त्यालाच आधी सापडायचा, आणि त्याचा वैताग आणखी वेगळा.

घरी त्याच्या वडिलांकडे जुनी डिझेल पिकअप होती. ते पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलून दुकानांना पोचवायचे. त्या गाडीची सगळी वायरिंग सलीमनं सुट्ट्यांमध्ये स्वतःच्या हातानं केली होती. घरी फोन लागला की खुशाली राहायची बाजूला, आधी गाडी.

"अब्बा, हॉर्न वाजवा. आता हेडलाइट लावून वाजवा. आवाज बसला? मग बॅटरीची काळी वायर ढिली असंल. कसून टाका."

मागं फोनच्या रांगेत उभी असलेली पोरं ओरडायची, "सलीम, गाडीला सलाम सांग आणि फोन सोड!" तो हसत हसत आणखी दोन मिनिटं बोलायचा.

एका सकाळी रस्त्यावर दगड आले. वर येणारी रेशनची गाडी त्या पट्ट्यात बंद पडली. ती चालू करून आणायला, म्हणजे रिकव्हरीला, माणूस पाठवायचा होता. माझ्यापुढं जनरेटर उघडा पडला होता, म्हणून सुभेदार साहेबांनी सलीमला पाठवलं. जाताना तो म्हणाला, "चहा झाकून ठेवा, हवालदार साहेब. पिऊन टाकू नका."

रेडिओ सेट वर्कशॉपमध्येच होता.

"बेस, रिकव्हरी बोलतोय. गाडी स्टार्ट. ड्रायव्हर पुढं निघाला. मी सामान आवरून येतोय. ओव्हर."

"रॉजर. लवकर निघा. ओव्हर."

त्यानंतर खरखर. सुभेदार साहेब किती तरी वेळ बोलावत राहिले. "रिकव्हरी, रिपोर्ट करा. ओव्हर." पलीकडून काही आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याचा तेवढा तुकडा जागेवर नव्हता. दरड तो घेऊन खाली गेली होती. रेशनची गाडी आणि तिचा ड्रायव्हर सुखरूप होते. सलीम आम्हाला संध्याकाळी सापडला.

पेटीबरोबर शहागंजला मीच आलो. त्याच्या वडिलांना मी चाचा म्हणायचो. चाचांनी पेटीवर हात ठेवला तो उचललाच नाही. त्यांना सांगायला वाटेत बरंच काही जुळवलं होतं. प्रत्यक्षात मी फक्त पेटीला खांदा दिला.

पुढं मी रिटायर झालो आणि चितेगावला गॅरेज टाकलं. गेल्या हिवाळ्यात सलीमच्या आईचा, चाचींचा, फोन आला.

"बेटा, तूच समजव यांना. गाडीची लाइट चालता चालता जाते. परवा अंधारात उसाच्या ट्रॉलीत घुसत होते, अल्लानं वाचवलं. मिस्त्री म्हणतात, जुनी वायरिंग काढून फेका. हे कुणाला तारेला हात लावू देत नाहीत. एक गेला, आता हे बी असंच जाणार का?"

मी सकाळीच गेलो. चाचा बॉनेटला टेकून पहाऱ्यावर असल्यासारखे उभे होते.

"गाडी बघ. पण सलीमची वायरिंग काढायची नाय."

"अन् फॉल्ट तिच्यातच निघाला तर?"

"नाय निघणार. माझ्या लेकाचं काम हाये ते."

"चाचा, उद्या तुम्ही ट्रॉलीखाली गेलात तर चाचींनी कुणाकडं बघायचं?"

"मंग गाडी उभी करतो, घरी बसतो. वायर नाय काढू द्यायचो."

घरी बसलेला हा माणूस फार दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं. चाचींनाही ते दारातून दिसत असावं.

या वेळी मी आधी फ्यूजला हात लावला नाही. विचारलं, "लाइट कधी जाते?"

"खड्ड्यात. लई हादरा बसला की."

मीटर लावला. बॅटरी चांगली. अर्थिंगची वायर घट्ट. फ्यूज शाबूत. म्हणजे कुठंतरी वायर ढिली होती. चाचांना हेडलाइटसमोर उभं केलं, लाइट लावली आणि आत बसून वायरिंग एकेक वीत हलवत गेलो. डॅशबोर्डच्या मागं हात गेला तसे चाचा समोरून ओरडले, "गेली!"

डॅशबोर्ड खोलला. लाइटच्या स्विचजवळ एक जॉइंट होता. नुसती पिळलेली तांब्याची तार, वर टेप. उष्णतेनं टेप वितळला होता. आणि त्यावर पांढऱ्या कापडाची एक पट्टी बांधलेली होती.

मी हात बाहेर काढला. मग चाचांना आत बोलावलं.

"हे कधी केलं त्यानं?"

"शेवटच्या सुट्टीत. नवा स्विच बसवला. ट्रेनची वेळ झालती, धड जेवला बी नाय. म्हणला, पुढच्या खेपेला पक्कं करतो."

"चाचा, आमच्याकडं एक रीत होती. रस्त्यात गाडी चालू करायला असा कच्चा जॉइंट मारायचा आणि त्याला पांढरी पट्टी बांधायची. वर्कशॉपला परत आल्यावर ज्याला पट्टी दिसेल त्यानं कुणाला न विचारता तो जॉइंट कापायचा आणि पक्का करायचा. हा ठेवायचा नाही असं त्यानंच सांगून ठेवलंय. बाकी सगळी वायरिंग एक नंबर आहे. तिला मी बोटसुद्धा लावत नाही."

चाचा त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. दारात चाचींनी तोंडाला पदर लावला होता.

"काप," शेवटी ते म्हणाले. "त्याचं काम ऱ्हायलंय. तू पुरं कर."

पट्टी सोडवून मी त्यांच्या हातात दिली आणि जॉइंट कापला. नोकरीत बर्फात, वाऱ्यात, हातमोजे घालून मी असे जॉइंट सोल्डर केले आहेत. शहागंजच्या त्या उन्हात एवढा एक जॉइंट मी दोनदा केला. सलीमची फार आठवण आली, आणि रागही आला त्याचा, पुढच्या खेपेला येणार होता म्हणून.

काम झालं. चाचा पुन्हा समोर जाऊन उभे राहिले. मी स्विच ओढला, स्टिअरिंगखाली वाकून सगळी वायरिंग जोरजोरात हलवली.

"लागली का, चाचा?"

मी वायरिंग आणखी एकदा हलवली.

"टिकली का? चाचा?"

मी खाली उतरून पुढं पाहिलं. दोन्ही दिवे भर उन्हातही दिसतील असे जळत होते. चाचा दोन्ही तळवे त्या दिव्यांवर ठेवून वाकून उभे होते. खांदे हलत होते.

"लागली, सलीम," ते म्हणाले.

"जी, अब्बा," मी म्हणालो.