नारळ फोडून बसवलेला टीव्ही

नोकरीत पाहिलेल्या कितीतरी चोऱ्या मी विसरलो, पण टीव्हीच्या दुकानातली ती एक चोरी काही डोक्यातून जात नाही. तेव्हा मी नाशिकच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो आणि निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती.

फिर्याद द्यायला आलेले शेठ माझ्या जुन्या ओळखीचे. नवा फौजदार असताना आमचा पहिला रंगीत टीव्ही मी त्यांच्याच दुकानातून घेतला होता. तो बसवायला शेठ स्वतः आले. गच्चीवर चढून अँटेना फिरवत "आता दिसतंय का?" म्हणून ओरडत राहिले. चित्र नीट दिसल्यावर त्यांनी टीव्हीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फोडला आणि घरातल्या सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्या संध्याकाळी अर्धी पोलीस लाइन आमच्या खोलीत बसली होती. काय दिवस होते ते!

आता त्यांच्या दुकानासमोर मोठे शोरूम उघडले होते. टीव्ही दर महिन्याला स्वस्त होत होते. गिऱ्हाईक शेठकडे येऊन टीव्ही बघायचे, तिथेच मोबाइलवर भाव काढायचे आणि रस्ता ओलांडून निघून जायचे. महाग असताना भरलेला माल गोदामात तसाच पडून होता, आणि त्यातलेच चौदा टीव्ही चोरीला गेले अशी शेठची फिर्याद होती.

पंचनाम्यात दिसले की कुलूप फोडलेले नाही, किल्लीने उघडले आहे. दुसरी किल्ली कोणाकडे असायची? शेठच्या जुन्या मेकॅनिककडे. पंचवीस वर्षे दुकानात काढून महिन्यापूर्वीच ते समोरच्या शोरूममध्ये लागले होते. शेठ एवढेच म्हणाले, "मी कोणाचं नाव घेत नाही, साहेब." पुढचे सगळे मी केले.

मेकॅनिकना दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले.

"काम सोडताना किल्ली शेठच्या हातात दिली होती, साहेब."

"कोणासमोर?"

"कोणासमोर कशाला? आमच्यात काय पावती करायची?"

हे उत्तर मला बनेल वाटले. माणूस शांत बसला की पोलिसाला तो निगरगट्ट वाटतो. त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि ते जेवेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहायची. माझे मन जराही हलले नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा एक खबरी आला. तो भाजीचा टेम्पो चालवायचा. "साहेब, सायखेड्याकडच्या गावांत लय नवे टीव्ही आलेत. निम्म्या भावात." मी हवालदाराला घेऊन निघालो.

पहिल्याच घरात भिंतीवर नवा टीव्ही. मागचा नंबर फिर्यादीच्या यादीशी जुळला. घरातली बाई मात्र माझ्यावरच उखडली.

"चोरीचा नाय, साहेब! पैसे मोजून घेतलाय. म्हातारा दुकानदार सोता बसवून गेला. कुकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पोरांना पेढे दिले. चोर असं करतो व्हय?"

मी तिथल्या खुर्चीत बसकण मारली. टीव्हीच्या काळ्या कडेवर कुंकू अजून होते. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय कळणार!

दुपारी शेठना ठाण्यात बोलावले. मी एकच प्रश्न विचारला, "शेठ, सायखेड्याला नारळ कशाला फोडलात?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नवी वस्तू घरात जाते, साहेब. कोरडी कशी देऊ?" आणि रडायला लागले.

माल लांब गावांत तोट्यात विकायचा, बिल द्यायचे नाही आणि चोरी दाखवून विम्याचे पैसे घ्यायचे, असा बेत होता. "इथंच भाव पाडला असता तर बाजार म्हणाला असता, शेठचा धंदा बसला," ते म्हणाले.

"आणि मेकॅनिकचं काय?"

"पुरावा नाही म्हणून तुम्ही त्याला सोडाल असं वाटलं होतं."

शेठवर रीतसर गुन्हा दाखल केला. मेकॅनिकना ठाण्यात बोलावून मी हात जोडून त्यांची माफी मागितली. बाहेर पडताना बाकावर बसलेले शेठ दिसले तसे मेकॅनिक थांबले आणि विचारले, "शेठ, बीपीची गोळी घेतली का?"

मग मेकॅनिक माझ्याकडे वळले. "साहेब, शोरूमवाल्यांनी कामावर येऊ नका सांगितलंय. तुम्ही एक शब्द टाकाल का?"

मी लगेच गणवेशात शोरूममध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितले की हा माणूस निर्दोष आहे. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "साहेब, चोरीच्या चौकशीसाठी ठाण्यातून त्यांची हजेरी विचारायला फोन आला, म्हणून आम्ही माणूस बदलला. आता जागा भरली."

तो फोन मीच केला होता.

गुन्हा तीन दिवसांत उघड झाला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चौकशीतल्या माणसाच्या कामाच्या ठिकाणी मी कधी ठाण्यातून फोन केला नाही. साध्या कपड्यांत जायचो आणि दुसरेच काही निमित्त काढून विचारायचो. त्या मेकॅनिकना मात्र याचा काहीच उपयोग नव्हता.