भैरवी झाल्यावर वाजलेला अभंग

मंडळी, आज सकाळी देवळात माझ्यामुळे जे झालं, ते अजून मनातून जात नाही.

आमच्या भजनी मंडळाचे बुवा जाऊन आज वर्ष झालं. त्यांचा आवाज मंडळाच्या एकाच सीडीवर उरलाय. ती मी कॉम्प्युटरवर उतरवली. 'ट्रॅक १, ट्रॅक २' अशी कोरडी नावं बघवेनात, म्हणून आकडे काढून रूपाचा अभंग, गौळण, भैरवी अशी नावं दिली आणि फाइली फोनमध्ये घेतल्या.

देवळात स्पीकरला जोडल्यावर फोनने त्या नावांच्या अक्षरांप्रमाणे लावल्या. सुरुवातीचा रूपाचा अभंग मागे पडला. गौळण संपली आणि भैरवीच सुरू झाली. भैरवी म्हणजे भजनाचा शेवट. चूक लक्षात आली, पण देवापुढे ती मध्येच तोडायची कशी?

भैरवी संपली, माणसं हात जोडून उठली. आणि स्पीकरवर बुवांचा रूपाचा अभंग लागला. बुवांच्या पत्नी, आमच्या काकी, तोच ऐकायला आल्या होत्या.

पखवाज वाजवणारे दामूदादा ओरडले, "बंद कर रे! भैरवीनंतर गात न्हाईत, एवढंबी कळत न्हाय तुला?"

माझं बोट बटणावर गेलं.

काकी जागच्या उठल्याच नव्हत्या. म्हणाल्या, "दामूभावजी, तुम्ही नका गाऊ. त्यांना गाऊ द्या."

दामूदादा खाली बसले. मग सगळेच बसले.

घरी येऊन फाइलींना पुन्हा आकडे घातलेत. पण खरं सांगा, तो अभंग चालू ठेवला, हे देवापुढे चुकलं का?