मॉलमध्ये अनवाणी वसंतमामा

वसंतमामा उभ्या गिऱ्हाइकाला कपडा दाखवत नसत. बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीला लागून ताग्यांची चळत आणि जमिनीवर पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी. त्या गादीवर यायचं तर चपला बाहेर, मग तुम्ही कोणी का असेना. एकदा लोधीपुऱ्यातल्या एका नवरदेवाने घोड्यावर बसूनच फेट्याचं कापड मागितलं. मामांनी त्याला उतरवलं, मोजड्या काढायला लावल्या, चहा पाजला. मुहूर्त टळला. घोडाही गादीवर यायला तयार होता, पण त्याचे नाल निघेनात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्याने सांगितलं तो माझ्याइतकाच खरं बोलणारा आहे.

"बसा बाई," मामा म्हणत, "कपडा उभ्याने पाहायची चीज नाही. अंगावर चढायच्या आधी तो मांडीवर आला पाहिजे."

मांडीवर आणखी एक चीज यायची, ती म्हणजे गिऱ्हाइकांची पोरं. रडकं पोर दिसलं तरी मामा त्याला उचलत नसत, बोलावतही नसत. नुसते मांडी घालून बसत आणि दुसरीकडे बघत. पाच मिनिटांत पोर मांडीत आणि दहाव्या मिनिटाला झोपेत. अर्धं बुऱ्हाणपूर तिथे झोपून मोठं झालंय. उरलेल्या अर्ध्याचीही सोय झाली असती, पण मागच्या वर्षी मामा गेले.

अशा माणसाकडे त्याची सख्खी नात येईना.

त्यांचा मुलगा राजेश दुबईला नोकरीत. मामी नव्हत्या, मामा एकटे विमानात बसायला तयार नव्हते, म्हणून ते जायच्या आधीच्या मे महिन्यात भाचा या नात्याने मी सोबत गेलो. नातू आरव सहा वर्षांचा. त्याने पहिल्याच दिवशी आजोबांचा चष्मा लावून पाहिला. इरा तीन वर्षांची. फोनमध्ये बोटाएवढे दिसणारे आजोबा आणि दारात उभा असलेला हा धिप्पाड माणूस, यांचा मेळ तिला बसेना. मामा खोलीत आले की ती सोफ्यामागे. मामांनी मांडी घातली, दुसरीकडे पाहिलं, आठ दिवस पाहिलं. मान आखडली, पण पोरगी आली नाही.

"मुन्ना," नवव्या दिवशी ते मला म्हणाले, "परवा निघायचं. दुनियेची पोरं सांभाळली मी, अन् ही मले ओळखतच नाही. एक बार कडेवर आली असती तर समाधानाने गेलो असतो."

त्याच दिवशी सगळे मॉलमध्ये गेलो. मॉल एवढा मोठा, की आपल्या बुऱ्हाणपूरचा अख्खा लालबाग त्यात मावला असता आणि वर शेजाऱ्यांच्या भांडणांनाही जागा उरली असती. राजेश आणि सूनबाई खाली किराणा घ्यायला गेले, मुलं आमच्याकडे. आरव मामांच्या हाताला, इरा माझ्या बोटाला.

कपड्यांच्या एका दुकानापाशी मामा थबकले. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरा गालिचा.

"वा," मामा म्हणाले, "यांले समजतं."

आणि राजेशने बळेच घेऊन दिलेले ते घट्ट लेसचे बूट त्यांनी दाराशी काढले. आरवला तर तेच हवं होतं. इराने खाली बसून माझ्यापुढे पाय केले. आणि मी? पांढऱ्यावर बुटासकट पाय ठेवायची माझी मामांसमोर कधी हिंमत झाली नव्हती, ती दुबईत कुठून येणार? चार जोड मामांनी ओळीने लावले. आमचं पाहून एक गोरी बाई सँडलचा बंद सोडू लागली, तिला तिच्या नवऱ्याने ओढत नेलं.

आत मामा गालिच्यावर बसले, टांगलेल्या एका शर्टाची कड बोटांत चोळली आणि विक्रेत्या मुलीला म्हणाले, "बैठ जा बेटी, खडे-खडे कपडा नहीं दिखता." ती कुठल्या देशाची होती कोण जाणे. पण बसली. दिवसभरात तिला कोणी बस म्हटलं नसावं.

बाहेर आलो तर चारही जोड गायब.

"चोरी?" मामा म्हणाले. "इतक्या चकाचक ठिकाणी?"

फरशी संगमरवरी, वर एसी. पाय ठेवला की थंडी थेट कानांत. आरव टुणकन माझ्या पाठीवर चढला. इरा एक पाय उचलायची, तो टेकला की दुसरा. तिने माझ्याकडे हात पसरले, मग आरवकडे पाहिलं. जागा भरलेली होती. तिचा ओठ थरथरू लागला.

मामांनी तिला उचललं नाही. ते त्या बर्फावर मांडी घालून बसले आणि दोन्ही तळहात उताणे फरशीवर ठेवले.

"याच्यावर उभी राह्य. गरम आहे."

इराने बराच वेळ ते हात पाहिले. मग एक पाय ठेवला. मग दुसरा. तोल जाऊ नये म्हणून तिने मामांचे कान धरले. कान सोडून गळा कधी धरला ते मला दिसलं नाही. मी तेव्हा उगाच छताकडे पाहत होतो.

बूट शोधत आम्ही बुऱ्हाणपुरात तापीकाठच्या राजघाटापासून स्टेशनापर्यंत जाऊन परत येण्याएवढे चाललो. शेवटी एक सफाईवाला भेटला. "चाचा, बेवारस समझके काउंटर पे जमा किए," म्हणाला. जोड मिळाले, तोवर इरा मामांच्या खांद्यावर झोपली होती. आरवने आणि मी बूट घातले. मी मामांच्या पायाशी बसून एक बूट चढवू लागलो, तशी इरा कुरकुरली.

"राहू दे," मामा पुटपुटले. "हलली ती."

राजेश आला, म्हणाला, "बाबा, इथेच थांबा, गाडी दाराशी आणतो."

"थांबलो की उठते," म्हणत मामा चालू लागले. बाहेर उघड्या पार्किंगमध्ये, मे महिन्याच्या भर दुपारी, अनवाणी.

राजेशने पळत जाऊन गाडी सुरू केली, एसी लावला, इराच्या छोट्या खुर्चीचा पट्टा उघडून हात पुढे केले. मामा गाडीशी येऊन उभे राहिले. या पायावरून त्या पायावर, या पायावरून त्या पायावर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आजोबा नातीला झुलवतायत.

"बाबा, द्या तिला. पाय भाजतायत तुमचे."

"देतो ना भो," मामा म्हणाले. "दोन मिनिटं दे."

मी घड्याळ पाहिलं नाही. राजेशनेही नाही.