इर्मेलीमावशीच्या सतरंज्या

मे महिन्यात आमच्या हेलसिंकीच्या सोसायटीत सगळे मिळून अंगण साफ करतात आणि मग कॉफी-सॉसेजवर ताव मारतात. यंदा चेअरमन वेसाने ठरवलं, घराघरातल्या चिंध्यांच्या सतरंज्याही अंगणातच धुवायच्या. वेसाचा उत्साह दांडगा, ऐकून घ्यायची सवय कमी.

इर्मेलीमावशी त्याच्यामागे हात धुऊन लागली. ट्राम चालवून निवृत्त झालेली ही बाई बरीच वर्षं मागच्या ओढ्यात बादलीने खडी नेऊन टाकायची, ट्राउट माशांनी तिथे अंडी घालावीत म्हणून. लोक हसायचे. गेल्या शरदात मासे आले आणि आता पहिली पिल्लं निघाली होती, बोटाच्या पेराएवढी. मला ओढत नेऊन दाखवली होती तिने.

"वेसा, अंगणातल्या गटाराच्या जाळीतलं पाणी थेट ओढ्यात उतरतं रे. साबण नको, पाया पडते."

"मावशी, पाइनचा साबण आहे, झाडापासूनचा. आजीने जन्मभर समुद्रात धुतल्या सतरंज्या."

"समुद्र केवढा, हा ओढा केवढा! पिल्लांचे कल्ले जातील."

"झाडाने कधी कोणाला मारलंय होय?"

सगळे हसले. मावशीने घरातून आपल्या कोरड्या सतरंज्या आणून जाळीवर अंथरल्या, वर दगड ठेवले आणि रखवालदाराकडे जाळी बंद करायचं झाकण मागायला धावली. मी घरामागे पाला ओढत होतो.

झाकण घेऊन ती परतली, तर तिच्या सतरंज्या कठड्यावर निथळत होत्या.

"तुझ्या आधी धुतल्या," वेसा खुशीत म्हणाला. "उगाच रुसली होतीस. आणल्यास की नाही शेवटी?"

ती ओढ्याकडे पळाली. मी मागोमाग. अंगणातून येणाऱ्या पाइपाखाली पांढरा फेस आणि खडीत पिल्लं उताणी. मावशी पाण्यात गुडघ्यांवर बसली, ओंजळीत पिल्लं घेऊन वरच्या स्वच्छ पाण्यात सोडू लागली. ती वाहत परत खाली यायची.

"मावशी, पुरे."

"यांना पोहता येतं रे. कालच पोहत होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण रागवायचं कोणावर? वेसा तिच्यासाठी कॉफी घेऊन काठावर आला होता.

"माझ्या सतरंज्यांना किती साबण घातलास?" तिने मान वर न करता विचारलं.

"अख्खा डबा," तो मायेने म्हणाला. "तुझं काम म्हणून हात आखडता घेतला नाही."