न बघता दिलेला होकार

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पुण्याच्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी पटकन विषय बदलते. सहा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तर नाव घेऊन हाक मारणार नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतंय. बघू.

आधी विषय सांगते, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहणारी, साठी उलटलेली, मंडळाच्या गणपतीला मोदकांची जबाबदारी घेणारी ही बाई नदीकाठी नशेच्या अळंब्या शोधत हिंडायची. हो, त्याच — ज्यांना इथली पोरं मॅजिक मशरूम म्हणतात. कायद्याने गुन्हा आहे, तेही ठाऊक होतं. पण तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली आणि रिटायर झाल्यावर या डोळ्यांचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न पडला होता. अळंब्या ओळखायला शिकवणाऱ्या एका ग्रुपबरोबर चालायला जाऊ लागले. त्यात वॉल्ट नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. ग्रुपला दाखवायचे नाहीत ते त्यांनी मला बाजूला घेऊन दाखवलं.

इथे या अळंब्यांचे हंगाम दोन. मोठा वसंतातला, एप्रिल सरता सरता सुरू होतो आणि मे महिनाभर चालतो. नदीचा पूर ओसरला की काठावर लाकडाचा कचरा साचलेला असतो, फांद्या, सालपटं, भुसा — त्यावर त्या उगवतात. दुसरा हंगाम ऑक्टोबरातला. तो छोटा असतो आणि लबाड असतो. कारण पानगळीत त्याच लाकडावर, कधी कधी अगदी शेजारी, दुसरी एक अळंबी येते. बारकी, तपकिरी, गरीब चेहऱ्याची. ती पोटात गेली तर यकृत संपतं.

म्हणून वॉल्टनी रीत घालून दिली होती. सगळ्या काढायच्या नाहीत, लहान राहू द्यायच्या. पाला उकरला तर परत सारखा करायचा. कुणी आपली जागा दाखवली तरी ती जागा त्याचीच राहते, त्याला विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि ऑक्टोबरात दोन माणसांनी बघायचं. काढणाऱ्याने एकदा, मग दुसऱ्याने — एकेक हातात घेऊन, उलटी करून. शंका असेल तर टोपी पांढऱ्या कागदावर उपडी घालायची, वर वाटी झाकायची आणि दुसऱ्या दिवशी कागदावर पडलेल्या छापेचा रंग बघायचा. जांभळट काळी पडली तर ठीक. गंजाच्या रंगाची पडली तर सगळी पिशवी कचऱ्यात. दुसऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय पिशवी स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे वॉल्ट फार गंभीरपणे सांगायचे.

मला खाण्यात रस नव्हता. एकदाच खाल्ली, तीन तास बाथरूमच्या टाइल्सकडे बघत रडले, हौस फिटली. मला रस होता ओळखण्यात. चार लोक पिशव्या घेऊन माझ्याकडे यायचे, मी चष्मा नाकावर ओढून बघायची, आणि मी म्हणेन ते शेवटचं. याचा मला केवढा गर्व होता, हे आता लिहितानाही अंगावर येतं.

सुलभा त्या चौघांतली एक. खरं तर ती माझी इथली एकमेव मैत्रीण. मूळची नागपूरची, मोठ्याने हसणारी. नवरा आजारी पडून दोन महिन्यांत गेला आणि ही बाई केस विंचरायची बंद झाली. मुलगी केतकी सिअ‍ॅटलला. डॉक्टरांच्या गोळ्या हिला मानवेनात. कुठूनसं ऐकून तिनेच मला विचारलं, आणि मग ती अळंबीचा नखाएवढा तुकडा अधूनमधून घ्यायला लागली. त्याने बरं वाटलं की माझ्याबरोबर रोज नदीवर चालल्याने, कोण जाणे. पण ती परत हसायला लागली, एवढं खरं. मी तिला माझी जागाही दाखवली. नदीच्या वळणावर सिकॅमोरचं एक झाड आडवं पडलंय, त्याच्या मागे. ती जागा मी वॉल्टनासुद्धा दाखवली नव्हती.

आता येते मुद्द्यावर. येतेच आहे — किती वेळ मी हंगाम आणि छापा सांगत बसणार?

ऑक्टोबर होता, सकाळचे दहा-साडेदहा. मी ड्राइव्हवेवर ब्लोअरने पानं हाकत होते. सुलभाची गाडी आली. ती उतरली ती कागदी पिशवी हातात नाचवतच. बुटांना चिखल. तो चिखल बघितला आणि मला कळलं, ही माझ्या जागेवर जाऊन आलीय. मला न विचारता, एकटी.

काय वाटलं सांगू? चोरी झाल्यासारखं वाटलं. कशाची चोरी — सरकारी नदीकाठच्या कचऱ्याची! पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला रीत माहीत होती. आणि ती मात्र लहान मुलीसारखी आनंदली होती, की पाहा, मला एकटीला सापडल्या.

‘‘बघून दे ना गं,’’ ती म्हणाली. ‘‘तू हो म्हटल्याशिवाय मी नाही नेत घरात.’’

मी ब्लोअर बंद केला नाही. तिने पिशवीचं तोंड माझ्यापुढे धरलं. मी वरून एक नजर टाकली. हात घातला नाही, एकही उचलली नाही. चष्मा कपाळावर होता तो तिथेच राहिला, आणि चष्म्याशिवाय मला भाजीतली मिरची दिसत नाही. मी म्हटलं, ‘‘बरोबर आहेत.’’

तिने पिशवी खाली घेतली. ‘‘काऊन, रागावली का?’’ मग पिशवीचं तोंड दुमडत, ‘‘छाप घेऊन ठेवू का उद्यापर्यंत?’’

मी म्हटलं, ‘‘एकटीने शोधता येतात तर एवढंही येत असेल की तुला. बरोबर आहेत म्हटलं ना.’’ आणि पाठ फिरवून पानं हाकायला लागले. गाडी गेल्याचंही मी वळून बघितलं नाही. मनात म्हटलं, बरी जिरवली.

चौथ्या दिवशी केतकीचा इथल्या हॉस्पिटलमधून फोन आला. आईला आधी खूप उलट्या झाल्या, मग एक दिवस बरं वाटलं, आणि आता ती पिवळी पडलीय. मी सुलभाच्या घरी गेले. फ्रिजमध्ये उरलेली पिशवी होती. तेव्हा मी चष्मा लावला. तेव्हा एकेक हातात घेतली, उलटी केली. अकरा होत्या, त्यातल्या चार तपकिरी. पहिल्याच नजरेत ओळखू आल्या. लॅबमधल्या नव्या पोरीलाही आल्या असत्या.

डॉक्टरांना मी पिशवी नेऊन दिली, अळंबीचं नाव सांगितलं. तिथे खोटं बोलले नाही. खोटं बोलले ते बाहेर कॉरिडॉरमध्ये. केतकी रात्रभर विमानात बसून आली होती, अंगात कुणाचं तरी मोठं जॅकेट. तिने विचारलं, ‘‘मावशी, did you see these? आईने तुला दाखवले होते?’’

‘मीच हो म्हटलं’ एवढं सांगायला किती वेळ लागतो? तीन शब्द आहेत. मी म्हटलं, ‘‘दाखवले होते. मी तिला म्हटलं, यातलं काही खाऊ नकोस.’’

 केतकी हळूच म्हणाली, ‘‘So she knew.’’

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात फक्त स्वतःला वाचवणं होतं. माझ्या वाक्याचा असा अर्थ होतो, हे तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. कळलं, आणि मी गप्प बसले. सुलभा सहाव्या दिवशी गेली. अंत्यविधीला केतकीने मला मिठी मारून सांगितलं, ‘‘Thank you for trying to stop her.’’ तेव्हाही मी गप्पच बसले.

तेव्हापासून केतकीच्या लेखी तिच्या आईने आत्महत्या केली. डॉक्टरांच्या फॉर्मवर घरच्यांच्या आजारांपुढे ती तसं लिहिते. ज्यांच्या घरच्यांनी असं केलंय त्यांच्या एका गटात ती दर आठवड्याला जाऊन बसते. तिला मुलगी झाली तेव्हा फोनवर ओक्साबोक्शी रडली, हे हिच्यातही आलं असेल तर काय करू म्हणून. मागच्या महिन्यात आईच्या तिथीला नेहमीप्रमाणे फोन आला. म्हणाली, ‘‘मावशी, मी पुरेशी नव्हते का गं तिला? Wasn't I enough?’’ मी म्हटलं, असा विचार करू नये बेटा. आणि भाजी करपतेय सांगून फोन ठेवला. गॅस बंद होता.

सुलभाला मरायचं नव्हतं. जिला मरायचं असतं ती बाई कुणाला दाखवायला पिशवी घेऊन येत नाही, छाप घेऊ का म्हणून विचारत नाही. हे जगात मला एकटीला माहीत आहे. वॉल्टही गेले. मी गेले की ते कुणालाच माहीत नसेल, आणि केतकीची मुलगी मोठी होऊन तेच फॉर्म भरेल.

केतकीचा नंबर माझ्याकडे आहे. तिला इंग्रजीत चार ओळी लिहायला दहा मिनिटं पुरतील. पण केतकी मराठी बोलते मोडकंतोडकं, तिला वाचता मात्र येत नाही. म्हणूनच हे मी मराठीत लिहिलं.