पुढच्या रविवारी नक्की!

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. घरी गेल्यावर ऐकायला कोणी नसतं ना! आज तुम्ही तावडीत सापडलाय, तर ऐकाच.

सत्तरच्या दशकात साताऱ्याहून मी मॉरिशसला विज्ञान शिकवायला गेलो. लॉंग माउंटन गावात भाड्याचं छोटं घर. भोवती ऊसच ऊस. गावात मराठी घरं होती, जेवायला बोलवायची. मी भिडस्त! "पुढच्या रविवारी नक्की," म्हणायचो आणि घरी बसून कुढायचो. फार एकटं वाटायचं हो.

*

वर्गात विचारलं, "तांदूळ, पीठ, सगळं बाहेरच्या देशांतून येतं. जहाजच आलं नाही तर?"

"आम्ही ऊस खाऊ!" पोरं ओरडली.

मला जेवायला बोलावणाऱ्यांपैकीच एका घरची, सुशीला नावाची चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मिस्ये आमच्याकडे जेवतील." मिस्ये म्हणजे सर.

*

वस्तू पुन्हा वापरायच्या, हा धडा. रोपं लावायला घरचे रिकामे डबे आणा म्हटलं. मी स्वतः सार्डिन मासळीच्या डब्यांच्या दोन पिशव्या नेल्या. पोरं डबे मोजायलाच लागली!

"मिस्ये, तुम्ही रोज हेच खाता?" सुशीलाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर भाजी-भाताचा डबा. मी खाल्ला, घासून परत दिला, वर म्हटलं, "उगाच त्रास नको." असा मी शहाणा!

*

मग उपग्रह शिकवला. अनेक देश मिळून वादळावर नजर ठेवतात, वगैरे. एकाने विचारलं, "मग तुमच्या आईला तिथून तुम्ही दिसता?"

मी फळा पुसायला वळलो. फळा कोराच होता.

घाईघाईने पुढचा मुद्दा घेतला. "ज्याचं छप्पर पक्कं, त्याने वादळात शेजाऱ्याला घरात घ्यायचं. देशांनीही तसंच वागायचं!"

*

ते वर्ष संपलं की कायमचं परत जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. आईला कळवायचं तेवढं राहिलं होतं. अशात रेडिओवर वादळाचा तीन नंबरचा इशारा आला. शाळा बंद. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, मेणबत्ती आणि सार्डिनचा डबा घेऊन बसलो.

दार वाजलं. सुशीला, तिचे आईबाप, आजोबा आणि दोन कोंबड्या!

आजोबा म्हणाले, "गुर्जी, आमचं घर पत्र्याचं. तुमचा सलॅब हाय. पोरीला तुमीच शिकवलंत न्हवं?"

मी दार सताड उघडलं. कोंबड्या माझ्या खाटेखाली गेल्या. बाहेर वारा नुसता किंचाळत होता आणि आत आजोबांच्या गप्पा. आल्यापासून इतका हसलो नव्हतो!

वारा पडल्यावर मंडळी गेली. पत्रे उडाले असतील बिचाऱ्यांचे, म्हणून हातोडी-खिळे घेऊन मी मागोमाग निघालो. आडवी झाडं ओलांडत, उसापलीकडे त्यांच्या घरी पोचलो.

चांगलं सिमेंटचं घर! वर स्लॅब, माझ्या घरच्यापेक्षा जाड.

ओट्यावर आजोबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. माझ्या हातातल्या हातोडीकडे बघून म्हणाले,

"आला का रविवार, गुर्जी? या. पानं वाढलीत."